न्या की, आपल्या राजांचा सिनेमा आहे!

"भाऊजी, पोराला 'छावा'ला न्यावं का हो?"

फेब्रुवारी २०२५. मानवतहून वहिनींचा फोन. मी पुण्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, हातात कटिंग. पुतण्या तिसरीत. "वर्गातले सगळे पोरं बघून आलेत म्हणायलाय. दोन दिवस झाले, नीट जेवंना झालाय." एका लग्नासाठी सगळे मानवत रोडहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जाणारच होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या मल्टिप्लेक्समध्ये पिक्चर टाकायचा, असा दादाचा प्लॅन. "सिनेमावर लिहिणारं माणूस घरात हाय, तर विचारून घ्यावं म्हटलं."

आणि त्या सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाने अर्ध्या सेकंदात निकाल दिला. "न्या की बिनधास्त! आपल्या राजांचा सिनेमा आहे."

मी तो पहिल्याच दिवशी बघितला होता. १४ फेब्रुवारीला, गुलाब-बिलाब सोडून, ऑफिसातले आम्ही आठजण! शेवटी आठही जणांचे डोळे लाल आणि बाहेर येऊन कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. विकी कौशलने जीव ओतलाय, यात वाद नाही. मला मात्र अक्षय खन्नाचा औरंगजेब जास्त लक्षात राहिला. तो माणूस आवाज न चढवता अंगावर काटा आणतो. समीक्षकांचं या सिनेमावर एकमत काही झालं नाही. अभिनयाला दाद, पण पटकथा विस्कळीत, आरडाओरडा फार, रहमानचं संगीत त्या काळाशी जुळत नाही, अशा तक्रारी बऱ्याच जणांनी केल्या. माझी तक्रार वेगळी आहे. संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा राजा दोन तास एक्केचाळीस मिनिटांत जवळपास फक्त लढतानाच दिसतो. पण पब्लिकने समीक्षकांना कधी विचारलंय? देशातच सहाशे कोटींच्या वर धंदा झाला.

वाद तर काय विचारूच नका. ट्रेलर आला तेव्हा राजे लेझीम खेळताना दाखवले म्हणून गदारोळ झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो भाग काढून टाकला. मग शिर्के घराण्याच्या वंशजांचा आक्षेप, त्यावर दिलगिरी. मग सिनेमा टॅक्स फ्री करा, ही मागणी. महाराष्ट्रात करमणूक कर २०१७ मध्येच गेला होता, पण मागणी करायला काय जातंय! या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणी मोठ्याने विचारला नाही. तिकिटाच्या रांगेत आईचं बोट धरून उभी असलेली ही चिल्लीपिल्ली आत जाऊन नक्की काय बघणार आहेत?

सेन्सॉरने तसं सांगितलं होतं. आधी 'यूए' म्हणजे सरसकट बारा वर्षांखालच्यांसाठी पालकांनी विचार करा, एवढंच असायचं. २०२४ च्या नियमांनी त्याचे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे केले. 'छावा'ला मिळालं 'यूए १६+'. गंमत अशी, की 'ए' असेल तर थिएटरवाला मुलांना अडवतो, 'यूए'ला अडवत नाही. तो फक्त आईबापांना दिलेला सल्ला आहे. आणि आपण तो सल्ला तिकिटाच्या मागच्या बाजूइतकाच वाचतो. मी तरी कुठे वाचला होता? आधी डोळ्यांत पाणी आणि नंतर पोस्ट टाकायची घाई.

शेवटच्या भागात काय आहे, ते बघितलेल्यांना सांगायला नको. साखळदंड, उपटलेली नखं, तापलेल्या सळया, जीभ. कॅमेरा हलत नाही. थिएटरात हमसून रडणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ तेव्हा फिरत होते आणि खाली कौतुकाच्या कमेंट. मीही एकाला लाइक दिलं होतं.

आठवड्याने दादाचा फोन. "अरे, पोरगं रात्री लाइट बंद करू देईना." पुढे म्हणाला, "आन् एक झालंय." शाळेत शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मित्राशी पठ्ठ्या बोलायचा बंद झालाय. दर ईदला ज्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येतो, त्या घरातला मित्र. का बोलत नाहीस, तर उत्तर नाही. त्याच मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली. 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकांच्या भावना पेटल्या, असं मुख्यमंत्री सभागृहात म्हणाले. मोठ्यांची ही गत, तर तिसरीतल्या पोराने काय करावं?

संभाजीराजांची गोष्ट आम्हालाही लहानपणीच कळली. आजी सांगायची, मानवतच्या त्याच ओसरीवर. संगमेश्वरला राजे पकडले गेले की तिचा आवाज खाली जायचा. "लई हाल केले रे. पर राजा झुकला न्हाई." बस्स, एवढंच. मग ती उठून कंदिलाची वात बारीक करायची. शिवाजी सावंतांची १९७९ ची 'छावा' मी दहावीनंतर वाचली. पुस्तकाचं बरं असतं, नको तिथे मिटून ठेवता येतं. थिएटरात आठ वर्षांच्या पोराने काय मिटायचं? डोळे मिटले तरी डॉल्बी चालूच.

शेवटी मी वहिनींना फोन केला. "चुकलं माझं. आधी विचार करायला पाहिजे होता."

"तुमचं एकट्याचं कुठं, भाऊजी? मला बी कळत होतं की. पर नको म्हणलं असतं तर लोक म्हणले असते, ह्यांना राजाचं काही न्हाई."

एप्रिलमध्ये सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. पुतण्याला पुन्हा बघायचाच होता! वहिनींनी नाही म्हटलं नाही. मित्रालाही बोलावून आणला, दोघांपुढे चुरमुऱ्याचा चिवडा ठेवला. बुऱ्हाणपूरची लढाई झाली, सिंह आला, दोघांनी गाद्यांवर उड्या मारून घेतल्या. संगमेश्वर आलं तशा वहिनी हातातला रिमोट दाबून टीव्हीसमोर बसल्या आणि पुढचं स्वतः सांगायला लागल्या.

"आवाज खाली नेला का?" मी फोनवर विचारलं.

"न्यायची काय गरज," म्हणाल्या, "आपसूक जातो की."