सामाईक मोटार

वाड्याच्या जिन्यावरचा दिवा गेला, की तो कोणी बदलायचा यावर बिऱ्हाडकरू आठवडा काढतात. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना पॅरिसच्या 'ओतोलिब'ची हकीगत परकी वाटायची नाही.

२०११च्या डिसेंबरात तिथे विजेच्या सामाईक मोटारी सुरू झाल्या. वाटेल त्या ठाण्यावरून घ्यावी, वाटेल त्या ठाण्यावर सोडावी. उतरताना मात्र विजेची तार जोडून जायचे. बॅटरीचे लाड तरी किती! ती ६० अंशांच्या वर ऊन राहिली तरच काम करी; म्हणून उभ्या गाडीलाही वीज लागे. गाडी आणि ती ठेवण्याची जागा, दोन्ही आगाऊ राखता येत. हा सारा हिशेब दूरचा संगणक ठेवी.

अशा दूरच्या संगणकांच्या व्यवस्थेला आता 'क्लाउड' म्हणतात. यक्षाच्या मेघाने एकच निरोप नेला. हा क्षणाक्षणाला हजारो नेतो! संध्याकाळी पन्नास गाड्या एकदम वीज ओढू लागल्या, तर मंजूर भार ओलांडून दंड बसायचा. म्हणून पहाटे निघणारीला हा आधी वीज देतो, दुपारी निघणारीला मागाहून. आमच्या नळावर असा कोणी असता तर!

पण गाडीतला केरकचरा संगणक काढीत नाही. पॅरिसच्या मोटारी घाण राहू लागल्या, तोटा वाढला, तो कोणी सोसायचा यावरून कंपनी आणि नगरपालिका यांचे वाजले, आणि ३१ जुलै २०१८ला सारे बंद पडले. त्यांतली कित्येक ठाणी पुढे पुन्हा चालू झाली. तिथे आता ज्याचा तो आपापली गाडी विजेने भरून नेतो.