शालीबरोबर कुपीही द्या

१७ एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिन. ही तारीख फ्रँक श्नाबेल यांच्या जन्मदिवसाची. मॉन्ट्रियलचे हे व्यावसायिक स्वतः हिमोफिलियाचे रुग्ण होते. १९६३ साली त्यांनी रुग्णांचा जागतिक महासंघ उभा केला. आपल्याकडे अशोक वर्मांनी १९८३ साली दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशन स्थापन केलं. तेही रुग्णच. दोघांची नावं आदरानं घेतलीच पाहिजेत. पण यंदा माझ्या मनात सत्कारासाठी जी माणसं आहेत, त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

रक्त गोठत नाही म्हणजे काय, हे आपल्या पोलादपूर-महाडकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फुरसं चावलेल्याच्या हिरड्यांतून रक्त येतं, सुई टोचलेली जागा झिरपत राहते, हे इथे घरोघर ऐकलेलं असतं. हिमोफिलियात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक जन्मापासूनच कमी असतो. पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला नुसतं ‘फॅक्टर’ म्हणतात. बाहेरच्या जखमेपेक्षा आतला रक्तस्राव जास्त छळतो. गुडघा नाहीतर घोटा सुजतो, तापतो, पोराला पाय सरळ करता येत नाही. पहिल्या एकदोन तासांत फॅक्टर मिळाला तर सांधा सावरतो. वारंवार उशीर झाला तर ऐन विशीत गुडघा आखडतो.

आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि दोष बहुधा आईकडून येतो. त्यामुळे बोलही तिलाच लागतो. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच झालेला नसतो, पण हे सासरी सांगणार कोण? आणि जिला बोल लागतो, तीच पुढे वर्षानुवर्षं त्या पोराची नर्स होते.

अशा एका आईला घरी फॅक्टर देताना मी पाहिलं आहे. फ्रिजमधली कुपी तिनं आधी तळहातांत धरून ठेवली, गारठा जाईपर्यंत. पावडरीत सोबतचं पाणी सोडलं. कुपी खळखळून हलवली नाही. बोटांत धरून हळूहळू गोल फिरवली, फेस होऊ नये म्हणून. मग पोराच्या हातावरची शीर चाचपून बारीक सुई लावली आणि औषध सावकाश आत सोडलं. सुई काढल्यावर ती जागा कितीतरी वेळ दाबून बसली होती. पोरगा तेवढ्यात मला शाळेतल्या कबड्डीचा सामना सांगत होता. तो खेळत नाही, गुण लिहितो. ते काम त्याला आवर्जून देणाऱ्या गुरुजींचाही सत्कार व्हायला हवा.

आणि शीर शोधायला तिला शिकवणाऱ्या सिस्टरांचा. राज्य सरकारनं सातारा, ठाणे, नाशिक, अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर केंद्रं सुरू केली. तिथल्या सिस्टरांना कुठल्या पोराची कुठली शीर लागते हे तोंडपाठ असतं. पोलादपूरकरांना सातारा गाठायचं तर आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरवरून जावं लागतं. सुजलेला पाय मांडीवर घेऊन एसटीत ती वळणं काढणं काय असतं, ते त्या आयांनाच विचारा. २२ जुलै २०२१ला तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या, घाटही बंद पडला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्या घरात आधी कुप्या मोजल्या जातात.

म्हणून माझं म्हणणं आहे की या माणसांना शाल-श्रीफळ जरूर द्या, पण त्याबरोबर त्यांच्या पायाखालचा घाट कमी करा. हे आपल्या भागाला अशक्य नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाच्या दंशानं माणसं पटापट दगावत होती, तिथे प्राझोसिनच्या साध्या गोळीनं ती वाचवता येतात हे त्यांनी महाडमध्ये राहूनच जगाला दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध दंश झालेल्या माणसाजवळ हवं, हे आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक चांगलं कुणी शिकवलेलं नाही.

सापाची लसही पावडरीच्या रूपातच येते. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर ती पाण्यात विरघळवून शिरेतूनच देतात. ज्या हातांना ते जमतं, त्यांना फॅक्टर देणं थोड्याशा प्रशिक्षणानं सहज जमेल. फ्रिज आहेच. प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाचं वजन आणि प्रकार ठाऊक असतो, त्यामुळे किती युनिट लागतील याचा हिशेबही आधी करून ठेवता येतो. पोलादपूर आणि महाड, दोन्हीकडे तातडीच्या मात्रा कायम ठेवाव्यात, एवढीच मागणी आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी मनावर घ्यावं. १७ एप्रिलपासून मृगापर्यंत पावणेदोन महिने हातात आहेत, आणि कुप्या अलिबागहून इथवर यायला एक दिवस पुरतो.