सामुदायिक अभ्यास आणि गुणांची वांटणी

चार विद्यार्थ्यांनीं मिळून एक काम करावें आणि चौघांसही सारखेच गुण मिळावेत, हा न्याय कीं अन्याय? प्रश्न जुनाच आहे. परंतु मार्च २०२० मध्यें शाळा बंद पडून वर्ग मोबाइलवर भरूं लागले, तेव्हांपासून त्यास नवी धार आली आहे. वर्गांत कोण राबतो व कोण खिडकीबाहेर पाहतो, हें शिक्षकाच्या दृष्टीस पडतें. ऑनलाइन अभ्यासांत त्याच्या हातीं येतो तो केवळ तयार झालेला निबंध.

आमच्या अंजनवेलच्या गोपाळगडाविषयीं चौघांनीं माहिती जमवावयाची आहे, असें समजा. एकानें तटबुरुजांचें मोजमाप घेतलें, दुसऱ्यानें गांवांतील वृद्धांच्या आठवणी टिपल्या, तिसरीनें सर्व लेखन केलें, आणि चौथ्यानें शेवटीं आपलें नांव तेवढें घातलें. येथें चौघांस समान गुण देणें म्हणजे आळसास बक्षीस देणें होय. बरें, कोणीं किती ओळी लिहिल्या याची नोंद संगणक ठेवतो, तिच्यावरून गुण द्यावे, तर उन्हांत गड फिरणाराच्या वांट्यास शून्य येईल! शिवाय, ज्याच्या घरीं नेटवर्कच येत नाहीं, त्याच्या मौनास आळस कसें म्हणावें? जून २०२० मधील ‘निसर्ग’ वादळानंतर कोकणांतील कित्येक गांवें अनेक दिवस विजेवांचून होतीं, हें पालकांस स्मरत असेलच.

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी-अभियंत्यानें माणसांकडून दोर ओढवून केलेले प्रयोग १९१३ सालीं प्रसिद्ध झाले. ओढणारे जसजसे वाढले, तसतसा प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला, असें त्यास आढळलें. याचीं कारणें दोन: एक, सर्वांची लय जुळत नाहीं, दुसरें, आपलें श्रम कोणास दिसणार नाहींत, असें वाटून माणूस हात आंखडतो. रापण ओढणाऱ्या आपल्या कोळीबांधवांस हें सांगावयास नको. तेथें लय शिकवावी लागते, आणि वांटेही सर्वांसमक्ष पडतात.

कांहीं पालक म्हणतील, मग सामुदायिक कामास गुणच नकोत. हें आम्हांस मान्य नाहीं. ज्यास गुण नाहींत, त्या कामाकडे मुलें पाठ फिरवितात. आणि पुढील आयुष्यांत एकट्यानें करावयाचीं कामें थोडींच असतात. प्रगतिपत्रकांत शिक्षकाच्या मतासोबत विद्यार्थ्याचें स्वतःचें व सहाध्यायांचेंही मत असावें, असें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही म्हटलें आहे. मात्र मित्रानें मित्रास दिलेल्या गुणांत स्नेह व रुसवा दोन्ही मिसळतात. म्हणून त्यांवरच सर्वस्वीं विसंबूं नये.

आमचें मत असें आहे. निम्मे गुण सर्वांस समान, तयार झालेल्या कामाबद्दल असावेत. उरलेले निम्मे ज्याच्या त्याच्या श्रमाबद्दल. हे श्रम कळावेत म्हणून प्रत्येकानें रोजचें काम एका वहींत दोन ओळींत नोंदवावें. कामाची वांटणी आरंभींच लेखी व्हावी, आणि लेखन नेहमीं मुलींच्याच गळ्यांत पडूं नये. शेवटीं शिक्षकानें प्रत्येकास पांच मिनिटें प्रश्न विचारावे, तेही त्याच्या सोबत्यानें केलेल्या भागावर; म्हणजे चौघे एकमेकांशीं खरोखर बोलले कीं नाहीं, तें उघड होईल. नेटवर्क नसलेल्यास ही परीक्षा साध्या फोनवर किंवा मागाहून प्रत्यक्ष देतां यावी. आणि मिळून काम कसें करावें, हें आधीं शिकविल्यावांचून त्याचे गुण कापण्याचा अधिकार शिक्षकासही नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, न केलेल्या कामावर आपलें नांव घालूं नका, आणि सोबत्याचें नांव गाळूंही नका. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलाचा भाग घरीं आपण पुरा करून देऊं नये. त्यास किती गुण पडले हें विचारण्याआधीं, सोबत्यांनीं काय काय केलें, हें त्यास अवश्य विचारावें.