खेळामागचा खेळ

व्हिडिओ गेमचे नाव काढले की घरी आई-बाबांच्या आणि शाळेत प्रशिक्षकांच्या कपाळावर आठ्या पडतात. वेळ वाया जातो, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण माझे मत असे, की गेम कसा बनतो हे शिकवणे नुसत्या बंदीपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. थोडे प्रोग्रामिंग आले, की तोच गेम आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

१९७८ सालचा जपानी ‘स्पेस इनव्हेडर्स’ घ्या. शत्रू जसजसे कमी होतात, तसतसे उरलेले अधिक वेगाने चालून येतात. खरे कारण यंत्राच्या मर्यादेत होते. प्रोसेसर मंद होता. पडद्यावरच्या आकृत्या कमी झाल्या, की उरलेल्या भराभर हलत. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी हे मुद्दाम तसेच राहू दिले आणि त्यानेच खेळाला रंग चढला.

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा आज याच्या कितीतरी पट जागा घेतो. त्यातला ढग आणि झुडूप नीट पाहा: आकृती एकच, रंग तेवढा निराळा. मोजक्या शिध्यात मोहीम पार पाडणाऱ्या तुकडीइतकेच हे कौतुकास्पद आहे.

गुपित कळले की मजा जाते, असे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. तबला शिकलेल्या माणसाला मैफल कमी नव्हे, जास्त रंगते.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. आजचे अनेक मोबाइल गेम रोजच्या हजेरीला बक्षीस देतात, बंद पेट्या उघडायला लावतात. अशी साधी पेटी ज्याने स्वतः प्रोग्राममध्ये लिहून पाहिली, त्याला ठाऊक असते की मागच्या दहा वेळा काय निघाले याची त्या रँडम आकड्याला आठवण नसते. ‘आता नक्की मिळेल’ ही आशा आपली असते, गेमची नव्हे. एवढे समजले, की मोबाइल खाली ठेवणे सोपे जाते.

म्हणून प्रशिक्षकांना विनंती, की संगणक कक्षात एखादा छोटा गेम आमच्याकडून लिहून घ्यावा. पालकांनीही सुट्टीत ‘किती वेळ खेळलास?’ याबरोबर ‘हा चालतो कसा, सांग बघू’ असे विचारावे. उत्तर द्यायचे म्हणजे आधी समजून घ्यावे लागेल, आणि तेवढा वेळ तरी वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.