‘यूज्ड टु’ : ‘असे’ कीं ‘आहे’?

इंग्रजी भाषेंतील कांहीं प्रयोग दिसावयास अगदीं साधे, परंतु मोठे फसवे असतात. ‘यूज्ड टु’ हा त्यांतलाच एक. वर्गांत तीस-पस्तीस वर्षें आम्हीं तो शिकविला आणि तितकींच वर्षें मुलांनीं तो चुकविला. यांत आमच्या शिकविण्याचाही दोष असेल. परंतु या चुकीपायीं परीक्षेंतील गुणांखेरीज आणखीही कांहीं जातें, हें मात्र अलीकडेच आमच्या ध्यानांत आलें.

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव बरींच वर्षें अमेरिकेंत आहेत. हे स्नेही आमचे शाळेंतील सहाध्यायी. संस्कृत आम्ही एकाच बांकावर बसून शिकलों. तेथेंच जन्मलेल्या त्यांच्या नातवानें आजोबांस ई-मेलनें एक इंग्रजी पत्र धाडलें. तें छापून घेऊन स्नेही लगबगीनें आमचेकडे आले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “मास्तर, हें वाचा! पोर तिकडे जन्मलें, तिकडेच वाढलें. पण घरांत मराठी चालते हो!” ओळ अशी होती : ‘वुई यूज्ड टु स्पीक मराठी ॲट होम.’

आम्हीं ती ओळ वाचली आणि चष्मा पुसण्याचें निमित्त केलें. कां, तें कळण्यासाठीं वाचकांनीं क्षणभर व्याकरणाकडे वळावें.

‘यूज्ड टु’च्या पुढें मूळ क्रियापद आलें म्हणजे तो रीतिभूतकाळ होय. ‘ही यूज्ड टु गो’ म्हणजे ‘तो जात असे’ किंवा ‘तो जाई’. संस्कृतांत वर्तमानकाळाच्या रूपापुढें ‘स्म’ ठेवला कीं क्रिया भूतकाळांत जाते. ‘वसति’ म्हणजे राहतो, ‘वसति स्म’ म्हणजे राहत असे. इंग्रजी प्रयोगांत याहून एक गोष्ट अधिक आहे. पूर्वीं होतें तें आतां राहिलें नाहीं, असा ध्वनि त्यांतून सहसा निघतो. ‘देअर यूज्ड टु बी अ वेल हिअर’ असें कोणी म्हणाला, तर त्या जागीं आतां घागर घेऊन जाण्यांत अर्थ नाहीं!

याच शब्दांच्या मागें ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ यांपैकीं एखादें आलें कीं अर्थ पालटतो. ‘आय ॲम यूज्ड टु वॉकिंग’ म्हणजे ‘मला चालण्याची सवय आहे’. येथें ‘टु’ हें शब्दयोगी अव्यय असल्यामुळें पुढें नाम किंवा ‘इंग’ प्रत्ययान्त रूप हवें. ‘टु वॉक’ म्हटलें कीं चुकलें. ‘ॲम’च्या जागीं ‘ॲम गेटिंग’ घातल्यास ‘सवय होत आहे’ असा अर्थ होतो.

आमच्या मुलांची चूक होते ती ‘असे’ आणि ‘असतो’ यांच्या घोटाळ्यानें. ‘मी रोज पांच वाजतां उठत असतों’ याचें भाषांतर तीं ‘आय यूज्ड टु गेट अप ॲट फाइव्ह’ असें करतात. चालू परिपाठास साधा वर्तमानकाळ पुरेसा आहे : ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’. ही चूक क्षुल्लक समजूं नये. रोज गोळी घेणाऱ्या रोग्यानें डॉक्टरांस ‘आय यूज्ड टु टेक धिस टॅब्लेट’ असें लिहिलें, तर गोळी बंद आहे असेंच ते समजतील.

आमच्या स्नेह्यांनीं हीच चूक वाचतांना केली होती. नातवाचा प्रयोग बिनचूक होता. घरांत मराठी बोलत असत. आतां बोलत नाहींत.

सांगावें कीं न सांगावें? म्हाताऱ्याच्या आनंदावर व्याकरणाचें पाणी ओतणें जिवावर आलें. परंतु खोटा अर्थ सांगणें आमच्यानें झालें नाहीं. आम्ही एवढेंच म्हणालों, “अहो, येथें ‘स्म’ आहे.”

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग कागदाची घडी घालून खिशांत ठेवली आणि चहा न घेतांच उठले.

त्या रविवारपासून स्नेही नातवास दूरध्वनि करूं लागले. पंधरा मिनिटें, आणि तीं मराठींतच. आरंभीं आजोबा मराठींत विचारीत आणि नातू इंग्रजींत उत्तर देई. स्नेह्यांनीं ना रागावणें केलें, ना नेम मोडला. चार-पांच महिन्यांनीं ते पुन्हां एक कागद घेऊन आमचेकडे आले. या वेळीं ओळ होती : ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टु स्पीकिंग मराठी विथ आजोबा.’

आम्हीं ती संवयीनें तपासली. मागें ‘ॲम गेटिंग’, पुढें ‘स्पीकिंग’. सर्व यथास्थित होतें.

“मास्तर,” स्नेह्यांनीं हळूच विचारलें, “यांत ‘स्म’ नाहीं ना?”

“नाहीं,” आम्ही म्हणालों. आणि आंत चहा टाकण्यास सांगितलें.