खवैगुण्य आणि धमनीची वळणे

मालाडसारख्या उपनगरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे हल्ली रुग्ण अँजिओग्राफीचा अहवाल घेऊनच येतो आणि ‘ब्लॉकेज उघडणारा काढा’ मागतो. तुंबलेला नळ साफ करावा तशी धमनी धुऊन निघेल, ही त्यामागील समजूत. खेदाची बाब अशी की, काही औषधविक्रेते व आपल्यापैकीच काही वैद्य ती जोपासतात. ही समजूत ना आधुनिक शास्त्रास धरून आहे, ना आपल्या संहितांस, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रक्तातील मेद सर्व शरीरात फिरतो. मग तो ठरावीक जागीच का साचतो? याचे एक महत्त्वाचे उत्तर धमनीच्या आकारात आहे. सरळ भागात प्रवाह एका दिशेने वाहतो व अंतःस्तराच्या पेशी त्याच दिशेने लांबट मांडल्या जातात. मात्र मानेतील धमनी जेथे दुभंगते तेथील बाह्य भित्तीलगत आणि हृदयाच्या धमन्यांच्या वळणांवर आतील बाजूस प्रवाह मंदावतो, मागेपुढे हेलकावतो. नदीच्या वळणावर आतल्या काठाशी गाळ साचावा, तसा येथे मेद साचतो. फरक इतकाच की तो पृष्ठभागावर न राहता भित्तीच्या आत मुरतो. म्हणूनच तो धुऊन निघत नाही. पुढे मार्ग अरुंद झाला की तांबड्या पेशी मध्यभागातून वेगाने जातात, प्लेटलेट काठाकडे ढकलल्या जातात आणि उंचवट्यापलीकडील भोवऱ्यात रेंगाळतात. दाब तोच राहून नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो.

शरीरात संचार करणारे कुपित दोष खवैगुण्यामुळे जेथे अडतात तेथे व्याधी उपजते, हा सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सिद्धान्त आपण सर्व जाणतो. चरकाचार्यांनी स्रोतोदुष्टीत संगाबरोबर सिराग्रंथी व विमार्गगमनही सांगितले, तर धमनीप्रतिचय कफविकारांत गणला. म्हणजे ‘कोठे’ आणि ‘कोणत्या दिशेने’ हे प्रश्न आपल्या निदानात आधीपासून आहेत. मात्र यावरून प्राचीनांना द्रवगतीचे गणित अवगत होते, असा दावा करणे अनाठायी ठरेल. धमनीचा दुभंग प्रत्येकात असतो. तो स्वतः वैगुण्य नव्हे. मधुमेह, उच्च रक्तदाब व तंबाखू यांनी अंतःस्तर दुर्बल झाला, की तीच जागा प्रथम बळी पडते.

आपले कार्यक्षेत्र नेमके येथे आहे: निदानपरिवर्जन, आहार, व्यायाम, प्रमेहाची चिकित्सा. स्टेंट बसविलेल्या रुग्णाची रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये. जळवा लावण्यापूर्वी अशा गोळ्यांची चौकशी अवश्य करावी. छातीत दाटून येत असेल, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. औषधालयांच्या मालकांनीही ध्यानी घ्यावे की, १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत धमनीकाठिण्य व हृद्रोग हे दोन्ही समाविष्ट आहेत. दुकानावरील तसे फलक आपणहून उतरविणे, यातच आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा आहे.