शिकवणाऱ्याचा पगार कोण देणार?

सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांना शिकवावं, या कल्पनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. डिझाइनचं काम बाहेरून आणलेल्या तज्ज्ञापेक्षा शेजारच्या टेबलावरचा माणूस जास्त चांगलं शिकवतो, कारण आपलं कुठे अडतंय हे त्याला न सांगता कळतं. म्हणूनच या कल्पनेच्या नावाखाली आमच्याकडे जे सुरू झालं आहे, त्याला मी वेठबिगारी म्हणतो.

मी सोलापुरात, टॉवेलच्या एका कारखान्याच्या डिझाइन खात्यात काम करतो. अलीकडे तिथल्या फलकावर सूचना लागली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काम सुटल्यावर थांबायचं. प्रत्येकानं पाळीपाळीनं आपलं एक कौशल्य बाकीच्यांना शिकवायचं. विषय व्यवस्थापन ठरवणार. शिकवण्याचं मोबाइलवर चित्रीकरण होणार आणि ते कंपनीच्या मालकीचं राहणार. जो भाग घेणार नाही, त्याचं नाव पगारवाढीच्या वेळी लक्षात ठेवलं जाणार. शिकवणाऱ्याला काय मिळणार, याबद्दल त्या कागदावर एक शब्द नाही.

पहिल्या बैठकीला आमचे सगळ्यांत जुने मास्तर गप्प बसून राहिले. नंतर मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "जुनी माणसं ज्ञान दाबून ठेवतात, म्हणून सोलापूर मागे पडलं." हे वाक्य अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत कुठेही कानावर पडतं. ते बोलणाऱ्यानं मास्तरांच्या डोक्यात नेमकं काय आहे, हे विचारण्याची तसदी कधी घेतलेली नसते.

काय आहे ते सांगतो. कॉलेजातून नवीन आलेली मुलगी संगणकावर सुरेख गोल काढते. कापडावर तो लंबगोल उतरतो. इंचाला उभे धागे किती आणि आडवे पिक किती, या प्रमाणातच ग्राफचा चौकोन उभट किंवा पसरट घ्यावा लागतो. हे प्रमाण चुकलं की मोराची मान आखडते आणि फुलाची पाकळी लांबते. टॉवेलमध्ये त्याहून अवघड गोष्ट असते. तिथे ताण्याचे दोन बीम. एक ताणलेला, दुसरा पाइलचा, सैल सोडलेला. फणी दोन पिक अलीकडेच थांबते, तिसऱ्या पिकाला पूर्ण पुढे येते आणि तिन्ही पिक एकदम ठोकते. त्या क्षणी सैल धाग्यांचे फासे उभे राहतात, आणि या फाशांवरच नक्षी दिसायची असते. बारीक रेघ फाशांत बुडून जाते. धुलाईनंतर कापड आटतं आणि नक्षीची किनार सरकते. कोणती रेघ टिकेल, कोणती बुडेल, गडद लालाशेजारी पांढरा ठेवला तर पहिल्या धुण्यात काय होईल, हे मास्तर कागदाकडे बघून सांगतात. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात ते मिळत नाही, कारण ते आमच्या मागांचं, आमच्या सुताचं आणि आमच्या पाण्याचं ज्ञान आहे.

हा माणूस गप्प का बसला? शिकवणाऱ्याचं काय होतं, हे त्यानं आधी एकदा पाहिलं होतं म्हणून.

मागावर नक्षी उतरवणारे जकार्डचे पत्ते पंच करण्याचं काम हातानं व्हायचं तेव्हाची गोष्ट. पत्त्याला भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक सुरीवर राहतो आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तर हूक ढकलला जातो आणि धागा खालीच राहतो. एका पिकाला एक पत्ता. एक भोक चुकीचं पडलं की तीच चूक प्रत्येक चादरीवर त्याच जागी उमटते. पंचिंग करणाऱ्या माणसांना ही जबाबदारी पाठ होती. मग संगणक आले. पंचिंगवाल्यांना सांगण्यात आलं की या पोरांना सगळं समजावून सांगा, आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्यांनी मन लावून समजावलं. पोरं तयार झाली आणि पंचिंगवाल्यांना निरोप गेला की काम असेल तेव्हा बोलावू. मास्तर हे शेजारच्या टेबलावरून बघत होते. ही भीती जुनीच आहे. 1804 साली फ्रान्समधल्या ल्योंच्या जकार्डनं पत्त्यांचं हे यंत्र आणलं, तेव्हा तिथल्या विणकरांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे. पण कौशल्य माणसाच्या हातातून पत्त्यात गेलं, पत्त्यातून फाइलमध्ये गेलं, आणि प्रत्येक वेळी ते देणाऱ्याच्या हातात काय उरलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. आता चित्रीकरण करून ते मोबाइलमध्ये न्यायचं आहे. मास्तर गप्प बसले ते शहाणपणानं बसले.

अर्थात मास्तर लोकांची सगळीच बाजू मी घेणार नाही. कुणी जवळ आलं की ग्राफ उलटा ठेवणारे मी पाहिले आहेत. भाच्याला रात्री घरी बसवून शिकवतील, पण खात्यात रोज डबा सोबत खाणाऱ्या मुलीनं विचारलं तर "हळूहळू येईल" म्हणतील. कला घरातच राहावी हा आग्रह सोलापूरला फार महाग पडला आहे. ज्याच्या घरात माग नाही, त्या हुशार पोराला दारच बंद. मालकाच्या अन्यायामुळे या कोतेपणाला माफी मिळत नाही. फरक एवढाच की मास्तरांचा कोतेपणा भीतीतून येतो. भीतीचं कारण काढून टाकलं तर तो जाऊ शकतो. मालकाचा कोतेपणा नफ्यातून येतो, आणि तो सूचनाफलकानं जाणार नाही.

जगात हे नीट कुठे झालंच नाही, असं म्हणायची सोय नाही. जर्मनीत वायमारला 1919 साली बाउहाउस ही शाळा निघाली. तिथल्या प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक रूपाचा आणि एक हाताच्या कामाचा. विणकामाच्या कार्यशाळेत मुलींना ढकललं गेलं आणि तिथलं शिकवणं तोकडं होतं. मग गुंटा श्टोल्झल आणि बेनिटा ओटे या दोन विद्यार्थिनी 1922 साली क्रेफेल्डला जाऊन रंगाईचा अभ्यासक्रम करून आल्या आणि परत येऊन त्यांनी बाकीच्यांना रंगाई शिकवली. पुढे 1927 मध्ये श्टोल्झल त्याच कार्यशाळेची प्रमुख झाली. शिकून येऊन शिकवणारीच्या हाती खातं सोपवलं गेलं. आमच्याकडे शिकवणाऱ्याला फार तर प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल.

इतक्या लांब जायचं नसेल तर विजापूर ओलांडून बागलकोटला जा. तिथली गोष्ट सुरू होते कच्छमध्ये. तिथे जूडी फ्रेटर यांच्या पुढाकारानं 2005 साली कला रक्षा विद्यालय आणि 2014 साली सोमैया कला विद्या सुरू झालं. पिढीजात कारागिरांना डिझाइनचं शिक्षण देणाऱ्या या संस्था. त्यांत शिकलेल्या, कच्छमधल्याच भुजोडीच्या विणकरांनी पुढे बागलकोट जिल्ह्यातल्या विणकरांना हात दिला. विणकरानं विणकराला डिझाइन शिकवलं, आणि तेही सोलापूरहून सकाळी निघून दुपारी पोचता येईल अशा ठिकाणी. आमच्या कारखानदारांची शिष्टमंडळं परदेशातल्या प्रदर्शनांना जातात. त्यांनी एकदा तिकडेही जाऊन बसावं आणि ऐकावं.

आता पैशाचं बोलू, कारण सगळं तिथेच अडतं. मागावरच्या कामगाराला नगावर मजुरी मिळते. तो अर्धा तास दुसऱ्याला काही दाखवत उभा राहिला तर त्याचा माग थांबतो आणि आठवड्याचा पगार घटतो. डिझाइनवाल्याचा पगार महिन्याचा, पण काम सुटल्यानंतरचे तास त्याच्या घराचे असतात. शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा कायदा आहे आणि त्यात शिकणाऱ्याला विद्यावेतन आहे. शिकवणाऱ्या सहकाऱ्याचा तास मात्र आमच्या एकाही हजेरीपटावर दिसत नाही. नावाचंही तसंच. 2000 सालच्या डिझाइन कायद्याप्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक मोबदला देणारा ठरतो. नोंदणीचं संरक्षण आधी दहा वर्षं, मग आणखी पाच. मालकी त्याची असू दे, त्यावर माझी तक्रार नाही. पण नमुन्याच्या चिठ्ठीवर काढणाऱ्याचं नाव लिहायला कुठल्या कायद्यानं मनाई केली आहे?

पानिपतचा माल सोलापुरी चादर म्हणून विकला जातो, अशी ओरड आपण वर्षानुवर्षं करतो. ओरड खरी आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशन मिळालं, ते निर्देशनाच्या कायद्याखालच्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी. गावाच्या नावाची चोरी आपल्याला इतकी झोंबते. मग त्याच गावातल्या माणसाची नक्षी त्याचं नाव पुसून विकताना आणि त्याचं डोक्यातलं धन फुकट रेकॉर्ड करून घेताना काहीच का वाटत नाही? हे आजचं नाही. सोलापूरची जुनी गिरणी 1877 ची. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि एकेक करून बंद पडल्या. भंगाराचा लिलाव झाला, जमिनींचे भाव ठरले. तिथल्या विणाई खात्यांत तयार झालेल्या माणसांच्या डोक्यातल्या गोष्टींना कुणी भाव लावला नाही.

भाषेचंही बोललं पाहिजे. आमच्या बैठकीत पडद्यावर इंग्रजी वाक्यं होती. मास्तर घरी तेलुगू बोलतात, मागावर तेलुगू आणि मराठी, बाजारात दखनी. सोलापूर रोज चार भाषांत चालतं आणि शिकवायची वेळ आली की ज्या भाषेत कुणीच विणत नाही ती निवडतं. अशा खोलीत सगळ्यांत जास्त जाणणारा माणूस सगळ्यांत कमी बोलतो. त्याला मागाजवळ न्या, हातात कापड द्या, आणि त्याला येते त्या भाषेत बोलू द्या. कुणाला कळलं नाही तर शेजारचा सांगेल. आमच्याकडे अशानं आजवर काही अडलेलं नाही.

आणि तपासणीच्या टेबलावरच्या बाया? प्रत्येक टॉवेल त्यांच्या हाताखालून जातो. कोणत्या नक्षीत किनारीला फासे सुटतात, कोणत्या रंगात डाग लपतो आणि कोणत्यात उठून दिसतो, हे डिझाइन खात्याच्या आधी त्यांना कळतं. त्यांना आजपर्यंत कुणी डिझाइनच्या खोलीत बोलावलं नाही. सूचनेतल्या "प्रत्येकानं" या शब्दात त्या नव्हत्या. ज्या उपक्रमात त्या बोलणार नाहीत, तो सहकाऱ्यांचा उपक्रम नाही.

माझी मागणी सरळ आहे. हा वर्ग कामाच्या वेळेत घ्या आणि तो तास हजेरीत धरा. नगावर मजुरी घेणाऱ्याला त्या तासाची सरासरी मजुरी द्या. विषय खात्यातली माणसं ठरवतील, मॅनेजर त्या खोलीत बसणार नाहीत, आणि कुणाला काय येत नाही हे पगारवाढीच्या कागदावर जाणार नाही. नवी पोरं संगणकातलं मास्तरांना शिकवतील आणि मास्तर त्यांना मागावरचं. चित्रीकरण हवंच असेल तर शिकवणाऱ्याच्या लेखी संमतीनं, त्याच्या नावानं. शिकवल्यामुळे कुणाचं काम कमी होणार नाही, हे मालकानं सही करून द्यावं. एवढं झालं तर पहिला तास मी घेईन, ग्राफच्या चौकोनावर, आणि मास्तरांना मी स्वतः विनंती करीन. तोपर्यंत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काम सुटलं की मी घरी जाणार आहे, आणि खात्यातल्या प्रत्येकाला तेच करायला सांगणार आहे.